ब्रेंटफर्डने बदलली निर्णयाची रीत

जुलै 2025 मध्ये मँचेस्टर युनायटेडने ब्रेंटफर्ड या पश्चिम लंडनमधल्या क्लबकडून ब्रायन एम्बेउमो हा आघाडीचा खेळाडू साडेसहा कोटी पौंडांना घेतला. शिवाय ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या तर आणखी साठ लाख पौंड द्यायचे कबूल केले. हाच खेळाडू 2019 मध्ये फ्रान्समधून आणताना ब्रेंटफर्डने सगळे मिळून साठ लाख पौंडांच्या आतबाहेर मोजले होते. 2024-25 च्या हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये 20 गोल केले. त्या हंगामात युनायटेडच्या अख्ख्या संघाचे गोल भरले 44, आणि 20 संघांच्या गुणतक्त्यात युनायटेड पंधरावे आले. ब्रेंटफर्डने 66 गोल केले आणि ते दहावे राहिले. एका क्लबचे मैदान 74 हजार प्रेक्षकांचे, दुसऱ्याचे जेमतेम 17 हजारांचे.

असे उलटे चित्र उद्योगजगतात नवे नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी उमेदीची सगळी वर्षे याच कोड्यामागे घालवली. चांगल्या चाललेल्या, हुशार माणसे हाताशी असलेल्या कंपन्या का बुडतात? त्यांचे ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ 1997 साली आले आणि ‘डिसरप्शन’ हा शब्द व्यवस्थापनाच्या वर्गातून थेट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गेला. त्यांचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या पोलादाचे आहे. भंगार वितळवणारे छोटे कारखाने सुरुवातीला फक्त बांधकामाच्या सळ्या बनवत, जालन्यात आजही बनतात तशा. सळ्यांत नफा कमी म्हणून मोठ्या कारखान्यांनी तो धंदा आनंदाने सोडून दिला. छोटे मात्र तिथे थांबले नाहीत. ते अँगल, मग तुळया, मग पत्रा असे एकेक पायरी चढत गेले, आणि मोठ्यांना कळेपर्यंत बाजार हातचा गेला होता.

फुटबॉलमध्ये लहान क्लबने मोठ्याला हरवले की हाच ‘डिसरप्शन’चा शिक्का मारला जातो. तो ब्रेंटफर्डला लागू पडत नाही. या क्लबने कोणताही स्वस्त माल कुणा दुर्लक्षित ग्राहकाला विकलेला नाही. लीगमध्ये जागा 20 च असतात, नियम सगळ्यांना सारखे आणि चेंडूही तोच. ख्रिस्टेन्सन यांनी स्वतः 2015 मध्ये तक्रार केली होती की हा शब्द वाटेल तिथे वापरला जातो, अगदी उबरसुद्धा त्यांच्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा धडपडणाऱ्या क्लबला सावरायचे तर त्यांच्या विचारातला दुसरा, कमी गाजलेला भाग कामाचा आहे. कोणत्याही संस्थेची ताकद तीन गोष्टींत असते, असे ते सांगत: तिच्याकडे काय आहे, ती काम कसे करते आणि ती कशाला महत्त्व देते. साधने, कार्यपद्धती, प्राधान्यक्रम. पहिली गोष्ट पैशाने मिळते. उरलेल्या दोन वर्षानुवर्षांच्या सवयीतून घडतात, आणि संकट आले की बहुतेक मालक नेमकी पहिलीच बदलायला धावतात. नवा प्रशिक्षक, नवा स्ट्रायकर, नवा क्रीडा संचालक. क्लब सावरण्याचे बहुतेक प्रयत्न इथेच फसतात.

ब्रेंटफर्डची परिस्थिती एकेकाळी खरोखर वाईट होती. 1889 सालचा हा क्लब 1947 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या विभागातून खाली गेला तो कित्येक दशके वर आलाच नाही. ग्रिफिन पार्क या जुन्या मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर चार पब होते, आणि बाहेरच्या जगाला क्लबची ओळख तेवढीच. कर्जाच्या ओझ्याखाली तो इतका दबला की 2006 मध्ये चाहत्यांच्याच ‘बीज युनायटेड’ या संस्थेला तो ताब्यात घ्यावा लागला. संघ तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पातळीवर हेलकावे खात होता.

याच काळात मॅथ्यू बेनहॅम हा जुना चाहता नाव न सांगता पैसे घालू लागला. ऑक्सफर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेला, काही काळ वित्तक्षेत्रात काम केलेला हा माणूस पुढे फुटबॉलच्या निकालांवर संख्याशास्त्राच्या आधारे पैजा लावून श्रीमंत झाला. 2004 मध्ये त्याने ‘स्मार्टऑड्स’ ही कंपनी काढली, आणि 2012 मध्ये ब्रेंटफर्डची बहुतांश मालकी त्याच्याकडे आली. पैज लावणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की एका सामन्याचा निकाल फसवा असतो. फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात की चांगला खेळलेला संघ सहज हरू शकतो. म्हणून निकालाकडे पाहून निर्णय घेणारा मालक अनेकदा नशिबालाच बक्षीस किंवा शिक्षा देत असतो. बेनहॅमच्या माणसांनी छापील गुणतक्ता बाजूला ठेवला. संघाने किती आणि किती चांगल्या संधी निर्माण केल्या, प्रतिस्पर्ध्याला किती दिल्या, यावर ते आपला वेगळा तक्ता मांडू लागले. आज दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘अपेक्षित गोल’ म्हणून जो आकडा झळकतो, त्याच जातीचा हा हिशेब.

या दृष्टीची कसोटी फार लवकर लागली. एप्रिल 2013 मध्ये, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, डॉनकास्टरविरुद्ध भरपाईच्या वेळेत ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर संघ थेट वरच्या विभागात. मार्चेल्लो ट्रोट्टाचा फटका आडव्या दांड्यावर आदळला. चेंडू तसाच उलट दिशेने गेला, डॉनकास्टरने गोल केला आणि वरच्या विभागाबरोबर विजेतेपदही तेच घेऊन गेले. पाठोपाठ ब्रेंटफर्ड प्ले-ऑफची, म्हणजे वर जाण्याच्या दुसऱ्या संधीची, अंतिम लढतही हरले. इंग्लंडमधल्या अनेक क्लबांत अशा उन्हाळ्यात मॅनेजर जातो, निम्मा संघ विकला जातो. ब्रेंटफर्डने दिशा बदलली नाही. साधारण चारांतल्या तीन पेनल्टी गोलात जातात, चौथी त्यांच्या वाट्याला आली होती, आणि त्या एका फटक्यावरून वर्षभराच्या कामाचे मोल ठरवायला मालक तयार नव्हता. पुढच्याच वर्षी संघ वर चढला.

ख्रिस्टेन्सन यांचे आणखी एक म्हणणे इथे जुळते. नवी पद्धत जुन्या संस्थेच्या पोटात रुजत नाही, जुन्या सवयी तिला गिळून टाकतात. म्हणून ती दूर, छोट्या जागी, वेगळ्या माणसांकडून करून पाहावी. बेनहॅमने नेमके हेच केले. 2014 मध्ये त्याने डेन्मार्कमधला एफसी मिडट्युलँड हा आर्थिक अडचणीत सापडलेला क्लब घेतला. 1999 मध्ये दोन शेजारी क्लब एकत्र होऊन बनलेला, हर्निंग या लहान गावातला हा संघ. अध्यक्षपदी बसवला रास्मुस अँकरसन, जो दुखापतीमुळे खेळाडूपण सोडून लेखक झालेला तरुण होता. इंग्लंडमध्ये ज्या कल्पनांची खिल्ली उडाली असती त्या तिथे शांतपणे तपासल्या गेल्या. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन या ‘सेट पीस’चा स्वतंत्र सराव सुरू झाला. मध्यंतरात प्रशिक्षकाकडे आकडे जाऊ लागले. पहिल्याच हंगामात, 2014-15 मध्ये, मिडट्युलँडने इतिहासातले पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, आणि त्यात सेट पीसवरच्या गोलांचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी 2016 मध्ये त्याच हर्निंगमध्ये त्यांनी युरोपा लीगच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडला 2-1 असे हरवले. परतीच्या सामन्यात युनायटेडने 5-1 असा वचपा काढला, हेही खरे.

मग हीच पद्धत लंडनमध्ये आली आणि पहिला खटका उडाला.

फेब्रुवारी 2015 मध्ये ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगच्या दारात उभे होते आणि मार्क वॉरबर्टन हे मॅनेजर चाहत्यांचे लाडके होते. तरीही हंगामअखेर ते जातील असे क्लबने जाहीर केले, कारण खेळाडू निवडण्याची नवी रचना त्यांना मान्य नव्हती. इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे सर्वेसर्वा. बेनहॅमने ती सत्ता विभागली: संघाला शिकवणारा मुख्य प्रशिक्षक वेगळा, खेळाडू शोधणारे संचालक वेगळे. वर्तमानपत्रांनी त्याला वेड्यात काढले. त्यानंतर आणलेल्या मारिनुस डायकहाउझेन यांना तर नऊ सामन्यांतच घरी पाठवावे लागले. निवड सपशेल चुकली होती. पण रचना टिकली, आणि म्हणूनच माणूस बदलणे सोपे गेले. डीन स्मिथ आले, 2018 मध्ये अॅस्टन व्हिलाने त्यांना नेले, आणि त्यांचे सहायक थॉमस फ्रँक पुढे झाले. फ्रँक यांचे पहिल्या दहापैकी आठ सामने गेले. नेहमीच्या मापाने ही हकालपट्टीचीच कामगिरी. क्लबच्या स्वतःच्या तक्त्यात मात्र संघाचा खेळ तितका वाईट दिसत नव्हता, म्हणून ते राहिले. 29 मे 2021 रोजी वेम्बलीवर स्वान्सीला 2-0 असे हरवून त्यांनीच ब्रेंटफर्डला 74 वर्षांनी सर्वोच्च विभागात परत नेले.

या सगळ्याचा खर्च भागवला खेळाडूंच्या खरेदी-विक्रीने. इथे क्लबची चतुराई बाजाराच्या आंधळ्या जागा हेरण्यात होती. ऑली वॉटकिन्स 2017 मध्ये चौथ्या पातळीवरच्या एक्सेटरकडून सुमारे 18 लाख पौंडांना आला आणि तीन वर्षांनी 2 कोटी 80 लाखांना अॅस्टन व्हिलाकडे गेला. नील मोपे फ्रान्समधून 16 लाखांच्या आसपास आला आणि ब्रायटनला सुमारे दोन कोटींना विकला गेला. आयव्हन टोनीला तिसऱ्या विभागातल्या पीटरबरोकडून घेतले तेव्हा, इतका खालचा खेळाडू वॉटकिन्सची जागा काय घेणार, असे विचारले गेले. त्याने पहिल्याच हंगामात संघाला वर नेले. प्रत्येक वेळी उत्तम खेळाडू विकला जाई आणि त्याची जागा घेणारा बहुधा आधीच ठरलेला असे.

सर्वांत वादग्रस्त निर्णय 2016 चा. ब्रेंटफर्डने आपली तरुण खेळाडूंची अकादमीच बंद केली. लंडनभर मोठ्या क्लबांच्या अकादमी पसरलेल्या. ब्रेंटफर्डने आठ-दहा वर्षे घडवलेला मुलगा सोळाव्या वर्षी किरकोळ भरपाई देऊन ते घेऊन जात. त्याऐवजी मोठ्या क्लबांनी नाकारलेल्या सतरा ते वीस वर्षांच्या मुलांचा ‘बी’ संघ उभा केला गेला. हिशेबाने हे बिनतोड होते, पण परिसरातल्या मुलांच्या दृष्टीने निष्ठुर. क्लब म्हणजे वस्तीतल्या पोराला दिसणारी एक वाटही असते, आणि ती वाट ताळेबंदात कुठेच दिसत नाही. प्रीमियर लीगमध्ये आल्यानंतर क्लबने अकादमी पुन्हा उघडली, ते योग्यच झाले.

चाहत्यांच्या बाबतीत मात्र ब्रेंटफर्डने पुष्कळ शहाणपण दाखवले. ग्राहक वस्तू विकत घेतो तेव्हा ती त्याचे नेमके कोणते काम करते ते ओळखा, असे ख्रिस्टेन्सन सांगत. फुटबॉलच्या चाहत्याला फक्त विजय हवा असता तर तो केव्हाच दुसऱ्या क्लबकडे गेला असता. त्याला हवी असते आपल्या माणसांची सोबत, गावाचे नाव, बापाकडून आलेला एखादा शनिवार. एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या 12 बड्या क्लबांनी बंदिस्त ‘सुपर लीग’ जाहीर केली, तेव्हा त्यांच्या सल्लागारांना हे कळले नव्हते. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत सगळे इंग्लिश क्लब मागे फिरले. ब्रेंटफर्डने त्याच वर्षी जाहीर केले की घरचा गणवेश दोन हंगाम तोच राहील, म्हणजे आईबापांना दरवर्षी नवा शर्ट घ्यावा लागणार नाही. इतर क्लब दर उन्हाळ्यात नवे शर्ट खपवत असताना घेतलेला हा निर्णय आहे.

सेट पीसची गोष्ट तर सगळ्या लीगमध्ये पसरली. ब्रेंटफर्डमध्ये हे काम केलेले निकोला जोव्हेर पुढे मँचेस्टर सिटीत आणि तिथून आर्सेनलमध्ये गेले, आणि आर्सेनलच्या कॉर्नरची सगळ्या लीगला धास्ती वाटू लागली. मिडट्युलँडसाठी काम केलेले थ्रो-इनचे प्रशिक्षक थॉमस ग्रोनेमार्क यांना 2018 मध्ये लिव्हरपूलने बोलावले. तोवर ब्रेंटफर्ड पुढच्या कल्पनेकडे वळलेले असत. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांनी लागोपाठच्या तीन लीग सामन्यांत पहिल्याच मिनिटात गोल केला. सामना सुरू करण्याच्या पहिल्या पासकडेही त्यांनी आखून वापरायची संधी म्हणून पाहिले होते.

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती लपवू नये. क्लबला वर आणणारा पैसा जुगारातून आलेला आहे. प्रीमियर लीगमधल्या पहिल्या हंगामांत संघाच्या छातीवर बेटिंग कंपनीचेच नाव होते. त्याच संघातल्या टोनीवर 2023 मध्ये सट्टेबाजीच्या 232 नियमभंगांसाठी आठ महिन्यांची बंदी आली. ज्या खेळात जाहिरातदार जुगाराचा, मालकाची कमाई जुगाराची, तिथे खेळाडूने मोहापासून दूर राहावे ही अपेक्षा रास्त असली तरी एकतर्फी आहे. 2025-26 च्या हंगामानंतर शर्टाच्या समोरच्या भागावर अशी नावे नसतील असे लीगमधल्या क्लबांनी मिळून ठरवले. ते फार उशिरा सुचले.

पद्धत तरी उचलून नेता येते का? साउदॅम्प्टनचे उदाहरण सावध करणारे आहे. मिडट्युलँडबरोबरच ब्रेंटफर्डमध्येही काम पाहणारे अँकरसन 2021 च्या अखेरीस तिथून बाहेर पडले आणि जानेवारी 2022 मध्ये त्यांच्या ‘स्पोर्ट रिपब्लिक’ने साउदॅम्प्टन विकत घेतला. तेच डोके, तीच भाषा, हाताशी पैसाही जास्त. 2023 मध्ये संघ खाली घसरला, 2024 मध्ये परत आला आणि 2024-25 मध्ये 38 सामन्यांत फक्त 12 गुण मिळवून, सात सामने बाकी असतानाच पुन्हा बाहेर पडला. ब्रेंटफर्डला दुसऱ्या विभागात सात वर्षे मिळाली. चुका करायला, चुकीचा प्रशिक्षक नेमायला, प्ले-ऑफ हरायला. साउदॅम्प्टनला त्या प्रीमियर लीगच्या उजेडात, दर शनिवारी प्रतिस्पर्ध्यांसमोर कराव्या लागल्या. पद्धत नेली, पण ती मुरायला लागणारा वेळ नेता आला नाही.

मँचेस्टर युनायटेडची अडचण याहून खोल आहे. 2013 मध्ये सर अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा क्लबची कार्यपद्धती म्हणजे ते एकटेच होते, आणि तीच त्यांच्याबरोबर गेली. त्यानंतर मॉयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शेयर, रँगनिक, टेन हाग, आमोरिम असे एकामागून एक आले. प्रत्येकाला वेगळ्या धाटणीचे खेळाडू हवे होते, आणि आधीच्याने घेतलेले पुढच्याला नकोसे झाले. पॉल पोग्बा 2016 मध्ये 8 कोटी 90 लाख पौंडांना आला आणि 2022 मध्ये एक पेनीही न मिळता गेला. 2024 मध्ये नवे सहमालक जिम रॅटक्लिफ यांनी क्लबच्या फुटबॉलचा कारभार हाती घेतला तेव्हा पद्धत बदलेल अशी आशा होती. पण त्यांनी त्या जुलैत टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढले. मोठ्या खटपटीने आणलेले क्रीडा संचालक डॅन अॅशवर्थ पाच महिन्यांत बाहेर गेले. दरम्यान शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या आणि उरलेल्यांचे फुकट जेवण मात्र कापले गेले. खर्च कमी झाला असेल, पण निर्णय कसा घ्यायचा हे तिथे कुणी ठरवले आहे असे त्या वर्षभरात दिसले नाही.

ब्रेंटफर्डचीही पुढची परीक्षा 2025 च्या उन्हाळ्यात सुरू झाली. थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेले, एम्बेउमो युनायटेडला, योआन विसा न्यूकॅसलला, कप्तान क्रिस्टियन नोरगार्ड आर्सेनलला. क्लबने बाहेरून बडे नाव न आणता सेट पीसचे प्रशिक्षक कीथ अँड्र्यूज यांना मुख्य प्रशिक्षक केले. त्यांनी याआधी कोणत्याही वरिष्ठ संघाची मुख्य जबाबदारी सांभाळलेली नव्हती.

गोवा आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने या कथेतली एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ब्रेंटफर्ड वर जाऊ शकले, कारण वर जाणारी शिडी शाबूत होती. गोव्याच्या धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनीही ते प्रत्येकी दोनदा जिंकले. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती शहरांच्या नावाने विकलेल्या संघांची, बढती आणि घसरण दोन्ही नसलेली. तीच देशाची सर्वोच्च स्पर्धा होणार हे दिसू लागल्यावर 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे तिन्ही क्लब आय-लीग या तोवरच्या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, 2005-06 चा राष्ट्रीय विजेता, त्याआधीच 2010 मध्ये बंद झाला होता. आय-लीगच्या विजेत्याला वर जागा मिळू लागली ती थेट 2023 मध्ये, आणि 2025 पर्यंत सुपर लीगमधून कुणीही खाली गेलेले नव्हते. ज्याला घसरायची भीती नाही तो सुधारण्याची घाई करत नाही, आणि ज्याला चढायची आशा नाही तो कितीही हुशार असला तरी पैसा घालत नाही.

सुपर लीग चालवण्याचे हक्क देणारा 2010 चा पंधरा वर्षांचा करार 2025 अखेर संपत असल्याने जुलै 2025 मध्ये पुढचा हंगामच अडला. नव्या व्यवस्थेत पैसा कुणाचा, प्रक्षेपण कुणाचे, यावर भरपूर बोलले गेले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या कराराच्या कागदावरच वरपासून खालपर्यंत बढती आणि घसरण लिहून घ्यावी, तीही तारखेसह. त्याशिवाय म्हापशाच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या जिद्दी क्लबने कितीही नेटका हिशेब मांडला तरी तो गावच्या मैदानापुरताच राहील.